अर-श्यान थांग
रजोनिवृत्तीच्या तक्रारींवर चीनमध्ये दिला जाणारा सहा वनस्पतींचा काढा. तो प्राचीन ग्रंथांतला नाही. १९५० च्या दशकात शांघायच्या शुग्वांग रुग्णालयात तो तयार झाला. त्यामागचा विचार मात्र जुना आहे. ‘ह्वांगदी नेइजिंग’ या ग्रंथात स्त्रीचे आयुष्य सात-सात वर्षांच्या टप्प्यांत मोजले असून, एकोणपन्नासाव्या वर्षी पाळी थांबते असे म्हटले आहे. चिनी वैद्यांच्या मते या वयात वृक्कांची ‘यिन’ व ‘यांग’ दोन्ही क्षीण होतात. म्हणून अंगातून गरम वाफा निघतात, रात्री घाम फुटतो, झोप उडते.

एपिमेडियम, मोरिंडा आणि श्यानमाओ ही द्रव्ये उष्ण मानतात. श्यानमाओ म्हणजे आपल्याकडची काळी मुसळी. फेलोडेंड्रॉनची साल व अ‍ॅनेमॅऱ्हेनाचा कंद दाह शमवतात, तर दांगग्वेई रक्त पोसते, अशी धारणा आहे. उष्ण आणि शीत द्रव्यांचा हा मेळ हेच या काढ्याचे खरे वैशिष्ट्य.

गुणाचा पुरावा अपुरा आहे. चिनी वनौषधींवरील २२ चाचण्यांच्या कॉक्रेन आढाव्यात (२०१६) त्या प्लासिबोपेक्षा (औषधी गुण नसलेल्या नकली औषधापेक्षा) सरस असल्याचे सिद्ध झाले नाही. वॉरफॅरिन घेणाऱ्या स्त्रियांनी दांगग्वेई टाळावे; रक्तस्रावाचा धोका वाढतो.