आकाशातली ऊ

विमान म्हणजे राजेरजवाड्यांची नाहीतर सरकारची मिरास, अशी आपली पक्की समजूत असते. ते सुताराच्या बाकावर आणून ठेवणारा एक अवलिया फ्रान्समध्ये होऊन गेला. त्याचे नाव आंरी मिन्ये.

त्या काळी इंग्लंडात ‘मॉथ’ नावाचे छोटे विमान हौशी मंडळींत फार प्रिय होते. पण त्याची किंमत सहाशे पौंडांच्या घरात! शाळामास्तराने किंवा कारकुनाने ते लांबूनच पाहावे. मिन्येने या खर्चालाच हात घातला. पायाने चालवायच्या पट्ट्या त्याने काढून टाकल्या, पंखांच्या झडपाही काढल्या आणि पुढचा अख्खा पंखच कलता ठेवला. हातातली दांडी मागेपुढे केली की पंख कले. डावीउजवीकडे केली की शेपटीचे सुकाणू वळे. बाकी सारे लाकूड, कापड आणि एक लहानसे एंजिन. १० सप्टेंबर १९३३ रोजी हे विमान उडाले. फोर्डच्या स्वस्त मोटारीला फ्रेंच लोक थट्टेने ‘रस्त्यावरची ऊ’ म्हणत. म्हणून ही ‘आकाशातली ऊ’. इंग्रजांनी तिची पिसू केली. प्राणी बदलला, पण चावा तोच!

विमान कसे बांधावे, याचे पुस्तकही मिन्येने १९३४ साली काढले. पुढच्या वर्षी त्याचे इंग्रजी भाषांतर हातोहात खपले. १३ ऑगस्ट १९३५ रोजी तो स्वतः इंग्लिश खाडी ओलांडून आला, तेव्हा तर लोकांना वेडच लागले. शंभर पौंडांच्या आत विमान! गराजांत, परसात, माळ्यावर करवती चालू लागल्या.

आणि १९३६ साली माणसे मरू लागली. विमान नाक खाली करून सूर मारी, ते वर येतच नसे. शेवटी इंग्लंड व फ्रान्समधल्या सरकारी वातबोगद्यांत पूर्ण आकाराची विमाने ठेवून पाहिली, तेव्हा कारण उमगले. नाक एका मर्यादेपलीकडे झुकल्यावर दांडी ओढली की दोन पंखांमधल्या फटीतून हवा जोराने मागच्या पंखावर जाई, शेपटी अधिकच उचलली जाई आणि नाक खालीच राही. वाचण्यासाठी वैमानिक जे करी, तेच त्याला खाली नेई.

दोष स्वस्ताईचा नव्हता, असे आम्हांला वाटते. लाकूड आणि कापड कारकुनाला परवडत होते. वातबोगदा मात्र सरकारलाच परवडत होता, आणि तिथली तपासणी माणसे गेल्यावर झाली. दुरुस्ती सापडली, पण विश्वास उडाला तो उडालाच. कित्येक अर्धवट विमाने शेडमध्ये धूळ खात पडली.

मिन्ये मात्र १९६५ साली वारेपर्यंत नवनवे आराखडे काढीतच राहिला. त्याच्या पद्धतीची सुधारलेली विमाने फ्रान्समधली हौशी मंडळी आजही बांधतात आणि उडवतात.