‘पिसाळणे’ आणि श्वानरोगनिदान

भीमा व नीरा यांच्या दुआबात वसलेल्या बारामती-इंदापूरच्या मुलखात गुरांच्या रोगांना नावांची वाण नाही. बुळकांड्या, फऱ्या, घटसर्प, लाळ्या-खुरकूत अशी ती वेगवेगळी आहेत. शेतीचा भार ज्यांच्या खांद्यावर, त्यांची दुखणी भाषेने बारकाईने पारखली. मेंढरांमागे चालणाऱ्या कुत्र्याचा तोल गेला, वागणे पालटले, तर त्यासाठी बहुधा एकच शब्द पुढे येई : ‘पिसाळणे’. त्याच्या मुळाशी ‘पिसे’, म्हणजे वेड, आहे. तो उच्चारला की निवाडा झालाच. मग काठ्या निघत. यात गावाला दोष देता येणार नाही. लक्षणे उमटल्यावर आलर्क रोगातून रुग्ण वाचणे आजही जवळजवळ अशक्य आहे.

निदानाचा मार्ग मृत्यूनंतरच खुला होई. पाश्चरची लस माणसाला प्रथम १८८५ साली टोचली गेली. पुढल्याच वर्षी परळ येथे मुंबईचे पशुवैद्यक महाविद्यालय निघाले. १९०३ मध्ये नेग्रीने आलर्क झालेल्या प्राण्यांच्या मेंदूपेशींत विशिष्ट कण दाखविले. परंतु त्यासाठी मेंदू बाहेर काढावा लागे. क्ष-किरण १८९५ पासून ज्ञात होते खरे, पण त्यांत कवटी दिसे, मेंदू नव्हे.

जिवंत प्राण्याचा मेंदू व मज्जारज्जू स्पष्ट दिसू लागला तो एमआरआयमुळे. लॉटरबर याने १९७३ साली तिचे तत्त्व मांडले. शरीरातील पाण्यात हायड्रोजन असतो. प्रबळ चुंबकक्षेत्रात त्याच्या अणुकेंद्रांकडून येणाऱ्या संकेतांवरून मृदू ऊतींचे चित्र उभे राहते. माणूस सांगितल्यावर निश्चल पडून राहतो. कुत्र्यामांजरांना बहुधा पूर्ण भूल द्यावी लागते, आणि आजारी जिवाला भुलेचा धोका असतोच. गाठ, दाह, मेंदूत साचलेले पाणी, मणक्यातील सरकलेली चकती हे भेद त्यातून कळतात. आलर्काचा निर्णायक पुरावा मात्र अद्यापि मृत मेंदूतच शोधावा लागतो, हे विसरून चालणार नाही.

मुंबईत महालक्ष्मी येथे २०२४ साली सुरू झालेल्या टाटा ट्रस्ट्सच्या प्राणिरुग्णालयात ही सोय आहे. इंदापूरच्या धनगराला ती अंतराने व खर्चाने दूरच. तरीही मागचे पाय ओढणाऱ्या कुत्र्याविषयी आता, माणसाविषयी म्हणतात तसेच, ‘गादी सरकली’ असे म्हणता येते. आणि गादी सरकलेल्या कुत्र्यावर कोणी काठी उगारीत नाही.