आल्डरच्या मुळांवरील गाठी : एका नावाचा व एका अनुमानाचा इतिहास

१८६६ साली सेंट पीटर्सबर्ग येथील शाही विज्ञान अकादमीने मिखाईल वोरोनिन या रशियन वनस्पतिशास्त्रज्ञाचा एक निबंध प्रसिद्ध केला. काळ्या आल्डर वृक्षाच्या आणि बागेतील ल्यूपिनच्या मुळांवर ज्या गाठी येतात त्यांचे सूक्ष्मदर्शकाखाली केलेले वर्णन हा त्याचा विषय. दोन्ही प्रकारच्या गाठींत त्यास परके सजीव दिसले. ल्यूपिनच्या गाठीत सूक्ष्मजंतूंसारखे कण होते. आल्डरच्या गाठीत बुरशीच्या तंतूंसारखे बारीक तंतू होते. एकाच निबंधात शेजारी बसलेल्या या दोन वनस्पतींचे पुढील इतिहास मात्र अगदी वेगळ्या गतीने घडले. ल्यूपिन ज्या शेंगावर्गात मोडते त्या वर्गाच्या गाठींचे कोडे बावीस वर्षांत उलगडले. आल्डरच्या बाबतीत त्यास एकशे बारा वर्षे लागली. ही तफावत कशामुळे पडली, याचा विचार येथे करावयाचा आहे.

आल्डर हा युरोप, रशिया व उत्तर अमेरिका येथील थंड प्रदेशांत नदीकाठी, दलदलीत आणि नव्याने उघड्या पडलेल्या जमिनीवर वाढणारा वृक्ष होय. अशा प्रदेशांत नत्राचे दुर्भिक्ष असते. हवेत ७८ टक्के नत्रवायू असला तरी वनस्पतींना तो त्या रूपात घेता येत नाही. आणि थंडीमुळे पालापाचोळा सावकाश कुजत असल्याने जमिनीतील नत्र मोकळा होण्यास वेळ लागतो. हिमनदी मागे सरल्यावर उरलेल्या दगडगोट्यांत तर तो जवळजवळ नसतोच. तेथे आल्डरचे कोवळे रोप जोमाने वाढते, आणि शरद ऋतूत पानांतील नत्र परत न घेता ती हिरवीच गाळते. ही नत्राची उधळपट्टी दरिद्री जमिनीवर उभ्या असलेल्या झाडास परवडते कशी, हाच खरा प्रश्न होता.

शेंगावर्गाची कथा सर्वपरिचित असल्याने ती थोडक्यात सांगितली तरी पुरे. फ्रान्समध्ये बूसँगो याने १८३८ च्या सुमारास क्लोव्हरमध्ये नत्राची वाढ मोजली, पण पुढील अधिक काटेकोर प्रयोगांत ती दिसेना. इंग्लंडमधील रॉथॅमस्टेड येथे १८५७ नंतर लॉज, गिल्बर्ट व प्यू यांनी माती भाजून घेऊन प्रयोग केले, आणि वनस्पती हवेतील नत्र घेत नाहीत असा निर्वाळा दिला. माती भाजताना त्यांनी कर्त्यालाच मारून टाकले होते. प्रयोगाची शुद्धताच येथे सत्याच्या आड आली. १८८६ साली हेलरीगेल याने बर्लिन येथील सभेत गाठींचे कार्य जाहीर केले, विल्फार्थसह त्याचा सविस्तर वृत्तांत १८८८ साली आला, आणि त्याच वर्षी बायरिंक याने तो जीवाणू गाठीबाहेर वाढवून दाखविला.

आल्डरच्या जीवाणूस नाव मिळाले तेही १८८६ सालीच. ब्रुनखोर्स्ट या नॉर्वेजियन अभ्यासकाने ए. बी. फ्रांक याच्या सन्मानार्थ त्यास ‘फ्रँकिया’ हे नाव दिले. मात्र हा प्राणी आहे की बुरशी की आणखी काही, याविषयी नाव देणारासही निश्चिती नव्हती. वोरोनिनने त्यास बुरशीच्या ‘शिन्झिया’ या गणात घातले होते. पुढे कोणी ‘प्लास्मोडिओफोरा’ म्हटले, कोणी ‘अ‍ॅक्टिनोमायसिस’. नावांची ही मालिका म्हणजे एका अज्ञानाचाच बदलता शब्दकोश होय. सामान्यतः वस्तू आधी व नाव मागाहून असा क्रम गृहीत धरला जातो. येथे नाव स्थिरावले आणि त्याने निर्दिष्ट होणारी वस्तू बराच काळ कोणाच्या हाती लागली नाही.

कार्याविषयीचा पुरावा त्या मानाने लवकर आला. सॅक्सनीतील थारांट येथे काम करणाऱ्या लोरेंझ हिल्टनर याने १८९६ च्या सुमारास आल्डरची रोपे नत्ररहित माध्यमात वाढविली. गाठी नसलेली रोपे खुरटली, गाठी असलेली वाढली. पुढे १९५० नंतरच्या दशकात ग्लासगो येथे जॉर्ज बाँड याने नत्राचा जड समस्थानिक वापरून हवेतील नत्र गाठीतच बांधला जातो हे निर्विवाद केले. १९५७ साली फिनलंडमधील विर्तानेन याने स्प्रूसची व आल्डरची रोपे नत्ररहित माध्यमात एकत्र वाढवून शेजाऱ्याच्या नत्राचा लाभ स्प्रूसला कसा होतो हे तपासले.

कार्य सिद्ध झाले, कर्ता मात्र हाती येईना. १९५९ साली पॉमर याने तो वेगळा काढल्याचे प्रसिद्ध केले. पण ती संवर्धिते टिकली नाहीत आणि दावा लोंबकळत राहिला. १९६४ साली इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने तो बुरशी नसून तंतुमय जीवाणू असल्याचे दाखविले. अखेर १९७८ साली कॅलहॅम, डेल ट्रेडिसी व टॉरी यांनी मॅसॅच्युसेट्समधील हार्वर्ड फॉरेस्ट येथे फ्रँकिया शुद्ध रूपात वाढविला, तोही आल्डरमधून नव्हे, तर ‘कॉम्प्टोनिया’ या झुडपाच्या गाठींतून. विलंबाचे एक कारण अगदी साधे आहे. हा जीवाणू इतका मंद वाढतो की तो दिसू लागण्याआधीच इतर जंतू साऱ्या माध्यमाचा ताबा घेतात. तबके लवकर फेकून देणाऱ्यास तो भेटणे शक्यच नव्हते. दुसरे कारण प्रयोगशाळेबाहेरचे आहे. हेलरीगेलच्या बेर्नबुर्ग येथील संस्थेच्या पाठीशी बीटसाखरेचा उद्योग होता; आल्डरच्या पाठीशी असा कोणी धनको नव्हता. (कोकणच्या किनाऱ्यावर वाळू थोपविण्यासाठी लावलेल्या सुरूच्या मुळांतही फ्रँकियाच असतो, हे येथे जाता जाता नोंदवावयास हरकत नाही.)

प्रयोगशाळेत ही कोंडी असताना आल्डरचा जमिनीवरील परिणाम मात्र अलास्कातील ग्लेशियर बे येथे प्रत्यक्ष पाहिला जात होता. १७९४ साली व्हँकूव्हरच्या मोहिमेस हा उपसागर मुखापाशीच बर्फाने बंद दिसला होता. १९१६ पर्यंत बर्फ सुमारे १०० किलोमीटर मागे गेले. त्या वर्षी मिनेसोटा विद्यापीठाच्या विल्यम कूपर याने तेथे प्रत्येकी एक चौरस मीटरचे कायमचे चौकोन आखले. १९५५ साली क्रॉकर व मेजर यांनी वेगवेगळ्या वयाच्या जमिनी तपासल्या. आल्डरखाली जमिनीचा अल्कधर्मी गुण अर्धशतकाच्या आत जाऊन ती आम्ल बनते, नत्र साठत जातो आणि स्प्रूसचे वन दाटल्यावर तो पुन्हा घटू लागतो, असे त्यांस आढळले. त्यावरून पाठ्यपुस्तकांत एक सुबक साखळी रूढ झाली : उघडी जमीन, मग आल्डर, मग आल्डरने पोसलेला स्प्रूस.

या साखळीत एक गृहीत दडलेले होते. आज शेजारी असलेल्या तरुण व वृद्ध जमिनी म्हणजे एकाच जमिनीच्या आयुष्यातील अवस्था होत, असे मानले गेले होते. बोलींच्या तुलनेवरून भाषेचा पूर्वेतिहास रचणाऱ्यास हा धोका ओळखीचा आहे. शेजारची बोली ही आपल्या बोलीची मागील पायरी असेलच असे नाही. १९९४ साली चेपिन व त्याचे सहकारी यांनी दाखविले की आल्डर जमीन संपन्न करतो खरा, पण सावलीने, मुळांच्या स्पर्धेने व पानांच्या थराने स्प्रूसच्या रोपांना मारतोही. १९९५ साली फास्टी याने झाडांच्या वर्षवलयांवरून सर्वांत जुन्या जागांचा इतिहास वाचला. १८४० पूर्वी उघड्या पडलेल्या जागांवर स्प्रूस व हेमलॉक आरंभीच येऊन पोहोचले होते. आल्डरची दाट जाळी त्यानंतर उघड्या पडलेल्या जागांवरच झाली. कोण आधी येणार हे बऱ्याच अंशी बियांच्या उगमाच्या अंतरावर ठरले होते. २०१६ साली कूपरचे चौकोन पुन्हा शोधून मोजण्यात आले, तेव्हा शंभर वर्षांच्या नोंदींतही योगायोगाचा व स्पर्धेचा वाटा ठळक दिसला.

यामुळे हिल्टनरचे किंवा बाँडचे निष्कर्ष खोटे ठरत नाहीत. नत्र आल्डरचाच आहे. त्या नत्रावाचून स्प्रूसला येताच येत नाही, एवढेच म्हणणे टिकले नाही. ज्या वर्षी फास्टीचा लेख आला त्याच वर्षी सोल्टिस व सहकारी यांनी रेणूंच्या तुलनेवरून दाखविले की मुळांवर अशा नत्रग्राही गाठी धारण करणाऱ्या सर्व वनस्पती, मग त्यांतील जीवाणू कोणताही असो, सपुष्प वनस्पतींच्या एकाच शाखेत येतात. वोरोनिनचे आल्डर आणि ल्यूपिन त्याच शाखेचे होत. गाठी बनविण्याची ही क्षमता त्या शाखेत एकदाच उद्भवून अनेक कुळांनी पुढे गमावली, की ती निरनिराळ्या वेळी स्वतंत्रपणे आली, हा वाद २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासांनंतर पहिल्या पक्षाकडे झुकला आहे. तो अद्याप मिटलेला नाही.