'तलवार' : जहाज की तळ? नौदलाची नामपरंपरा आणि १९४६ चा उठाव

१८ फेब्रुवारी १९४६ रोजी मुंबईत सुरू झालेल्या नाविकांच्या उठावाविषयी लिहिताना 'तलवार या जहाजावरील नाविकांनी' असा शब्दप्रयोग अनेकदा केला जातो. वस्तुतः एचएमआयएस तलवार हे त्या वेळी जहाज नव्हतेच. कुलाबा येथे जमिनीवर उभी असलेली ती रॉयल इंडियन नेव्हीची संदेशवहन प्रशिक्षणशाळा होती. ही चूक किरकोळ वाटली, तरी तिच्यामुळे उठावाचे एक महत्त्वाचे कारण दृष्टीआड होते, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

चुकीचे मूळ नावातच आहे. 'एचएमआयएस' म्हणजे 'हिज मॅजेस्टीज इंडियन शिप'. जमिनीवरील इमारतींना 'शिप' म्हणण्याची ही प्रथा ब्रिटिश नौदलाकडून आली. १८६६ च्या ब्रिटिश नौदल शिस्त कायद्याची रचना, नाविकाचे नाव कोणत्या ना कोणत्या जहाजाच्या पटावर असते, या कल्पनेवर आधारलेली होती. तेव्हा किनाऱ्यावरील मनुष्यबळाला हा कायदा लागू करावयाचा, तर तळालाच जहाज मानणे सोयीचे होते. अशा तळांना इंग्रज नाविक थट्टेने 'दगडी फ्रिगेट' म्हणत. १८०४ मध्ये तर मार्टिनिक बेटाजवळील 'डायमंड रॉक' या खडकावर तोफा चढवून त्याची नोंद युद्धनौका म्हणून करण्यात आली होती. भारतीय तळांवरही स्वयंपाकघर 'गॅली' आणि जमीन 'डेक' ठरली, ती याच परंपरेने.

एकच नाव जहाजाला व तळालाही असले की घोटाळा अटळ होता. पोर्ट्समथ येथील नौदल बरॅकीचे नाव 'व्हिक्टरी' होते आणि नेल्सनचे प्रसिद्ध जहाज 'व्हिक्टरी'ही त्याच बंदरात होते. अखेर १९७४ मध्ये बरॅकीचे नाव बदलून 'नेल्सन' करण्यात आले.

आता पुन्हा 'तलवार'कडे वळू. १ डिसेंबर १९४५ च्या नौदल दिनी तेथे 'भारत छोडो'च्या घोषणा रंगविलेल्या आढळल्या, त्या जहाजाच्या पोलादी पत्र्यावर नव्हे, तर शाळेच्या आवारातील भिंतींवर. या प्रकरणी पुढे २ फेब्रुवारी १९४६ रोजी अटक झालेले बलाईचंद्र दत्त हे तारायंत्र विभागातील नाविक होते. कमांडर किंग यांची अपमानास्पद भाषा आणि निकृष्ट अन्न ही असंतोषाची निमित्ते सर्वश्रुत आहेत. परंतु उठाव येथूनच का सुरू व्हावा? संदेशवहनासाठी निवडलेले नाविक तुलनेने सुशिक्षित, इंग्रजी जाणणारे होते. शिवाय शाळा शहरात असल्याने वृत्तपत्रे, सभा आणि आझाद हिंद सेनेच्या खटल्यांची चर्चा त्यांच्यापर्यंत सहज पोहोचत होती. बिनतारी यंत्रणा तर त्यांच्या हातचा मळ होती. अवघ्या काही दिवसांत कराची, मद्रास, कलकत्ता व विशाखापट्टणम येथे संप पसरला. ७८ जहाजे, २० किनारी तळ व सुमारे २०,००० नाविक त्यात सामील झाले, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. 'तलवार'ला भरसमुद्रातील युद्धनौका समजणाऱ्या वाचकाला या वेगाचा उलगडा होणार नाही.

उलट उदाहरणही आहे. कराचीत २२ फेब्रुवारीला तोफा डागणारी एचएमआयएस हिंदुस्तान ही मात्र खरीखुरी स्लूप जातीची युद्धनौका होती. फाळणीनंतर ती पाकिस्तानकडे जाऊन 'कारसाज' झाली, आणि पुढे हेच नाव कराचीतील किनारी तळाला मिळाले.

भारतात नावांचा प्रवास याच्या उलट झाला. मुंबईतील 'डलहौसी' हा तळ १९५१ मध्ये 'आंग्रे' झाला व मराठी आरमाराचे स्मरण ब्रिटिश गव्हर्नर-जनरलच्या जागी आले. 'तलवार' हे नाव मात्र किनाऱ्यावरून समुद्रावर गेले. १९५९ मध्ये नौदलात आलेल्या आयएनएस तलवार या फ्रिगेटने १९७१ च्या डिसेंबरमध्ये कराचीवरील दुसऱ्या क्षेपणास्त्र हल्ल्याच्या मोहिमेत भाग घेतला. त्यानंतर २००३ मध्ये रशियात बांधलेल्या फ्रिगेटला हेच नाव मिळाले. त्यामुळे ग्रंथसूचीत 'तलवार' शोधणाऱ्या विद्यार्थ्यासमोर एक शाळा व दोन जहाजे एकाच शब्दाखाली येतात. १९४६ पूर्वीच्या नोंदीपुढे 'कुलाबा, किनारी तळ' एवढे तीन शब्द जोडणे सूचीकारांना सहज शक्य आहे.