खोपोली : सात वर्षांचे शेवटचे स्टेशन

आमच्या नसरापूरला रेल्वे नाही. तरीही ‘भोर घाटातली रेल्वे तुमच्याच बाजूची ना?’ असे भोर तालुक्यातल्या माणसाला हमखास विचारले जाते. तो घाट बोरघाट, खोपोली-खंडाळ्याचा. इंग्रजी कागदांत त्याचा ‘भोर’ झाला आणि तसाच राहिला. हा घोटाळा निस्तरताना मी खोपोलीच्या स्टेशनात अडकलो.

घाटाच्या पायथ्याचे खोपोली हे रेल्वेच्या आधीपासूनच मुक्कामाचे गाव. नाना फडणवीसांनी इथे तलाव आणि महादेवाचे देऊळ बांधले. १८५६ साली जी.आय.पी. रेल्वे इथवर आली आणि थांबली. पुढे सह्याद्री होता. १८५८ च्या जूनमध्ये वर खंडाळा ते पुणे गाडी सुरू झाली. मधला घाट मात्र प्रवाशांनी पालखीत, तट्टावर नाहीतर बैलगाडीत बसून चढायचा. वरच्या मार्गाचे रूळ, डबे, इंजिनेही घाटरस्त्यानेच चढवावी लागली असणार. म्हणजे मुंबई-पुणे ‘रेल्वेप्रवास’ पाच वर्षे भोयांच्या खांद्यावर आणि बैलांच्या मानेवर चालला. रेल्वेच्या इतिहासात बर्कलेसाहेबाचे नाव येते, भोयांचे एकाचेही नाही.

दरम्यान घाट फोडण्याचे काम चालू होते. सुमारे १६ मैलांत १८३१ फूट चढ, २५ बोगदे. १८६१ च्या सुरुवातीला ४२ हजारांवर माणसे कामावर होती. पटकीने किती गेली! १८५९ च्या जानेवारीत थकलेल्या मजुरीवरून मजूर उठले, दंगल झाली आणि फॅव्हिएल या कंत्राटदाराला काम सोडावे लागले. नवा कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल भारतात आल्यावर थोड्याच दिवसांत वारला. मग त्याची पत्नी अ‍ॅलिस हिने कंत्राट स्वतःकडे घेतले. बाईच्या नावावर एवढे मोठे काम, तेही त्या काळात! प्रत्यक्ष देखरेख तिच्या इंजिनिअरांची होती, हे खरे. पण कंत्राट तिने सोडले नाही.

खोपोलीचे दुर्दैव असे की घाटाची चढण सुरू झाली ती अलीकडच्या पळसदरीपासून. १८६३ साली घाटमार्ग खुला झाला आणि पुण्याची गाडी खोपोलीला वळसा घालून वर जाऊ लागली. स्टेशन बंद पडले नाही, पण पुण्याच्या वाटेवरचे शेवटचे स्टेशन हा त्याचा मान गेला. उरला तो एक फाटा. पालख्या, तट्टे, धर्मशाळा यांवर पोट भरणाऱ्यांचे पुढे काय झाले, हा प्रश्न रेल्वेच्या अहवालांना पडण्याचे कारण नव्हते.

गंमत अशी, की ज्या घाटाने खोपोलीला बाजूला सारले, त्यातलेही एक स्टेशन पुढे असेच गेले. खंडाळ्याजवळ डोंगरात वळणाला जागा नव्हती. म्हणून गाडी एका स्टेशनात घालायची, इंजिन दुसऱ्या टोकाला जोडायचे आणि उलट दिशेने पुढे चढायचे. हे रिव्हर्सिंग स्टेशन १९२९ च्या सुमारास नव्या मार्गामुळे निकामी झाले. त्याआधीच, १९१५ साली, खोपोलीला टाटांचे वीजघर आले आणि लोणावळ्याकडचे पाणी घाट उतरून तिथे वीज करू लागले.

लोकल आजही कर्जतवरून पळसदरीमार्गे खोपोलीला जाते. पुढे रूळ नाहीत. गाडी तिथूनच परत फिरते.