मुलांची शब्दसंपत्ती : ‘सांबार’ही हवा, ‘कोथिंबीर’ही

वाशीमच्या भाजीबाजारात ‘सांबार’ मागितला, की विक्रेता कोथिंबिरीची जुडी पुढे करतो. ‘जांब’ म्हटले, की तराजूत पेरू पडतात. ‘भेदरं’ म्हणजे टोमॅटो आणि ‘आलू’ म्हणजे बटाटा, हे येथे कोणाला समजावून सांगावे लागत नाही. याच शब्दांत वाढलेले मूल शाळेत जाते, तेव्हा ओळखीच्या वस्तूंची अनोळखी नावे त्याला भेटतात. अशा वेळी घरचा शब्द ‘अशुद्ध’ म्हणून खोडला गेला, तर मुलाचा केवळ एक शब्द कमी होत नाही. पुढच्या वेळी तोंड उघडण्याचा त्याचा धीरही कमी होतो. उलट, दोन्ही शब्द शेजारी-शेजारी ठेवले, तर एकाच वस्तूसाठी त्याच्याकडे दोन शब्द होतात. मुलांची शब्दसंपत्ती वाढवण्याची सुरुवात येथूनच करावी लागते.

दोन भाषांचा जुना शेजार

शब्दांच्या बाबतीत वाशीमचा वारसा मोठा आहे. 1 जुलै 1998 रोजी अकोल्यातून वेगळा झालेला हा जिल्हा प्रशासनाच्या दृष्टीने नवा असला, तरी वाशीम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म. वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. या शाखेचा संस्थापक सर्वसेन याने ‘हरिविजय’ हे काव्य प्राकृतात रचले. ते आज उपलब्ध नाही. उत्तरकालीन ग्रंथकारांच्या उल्लेखांतूनच ते ओळखले जाते. पुढे राजशेखराने ‘काव्यमीमांसा’ या ग्रंथात काव्यपुरुष आणि साहित्यविद्या यांचा विवाह विदर्भातील वत्सगुल्म नगरात झाल्याची कथा सांगितली.

त्याच घराण्यातील दुसरा विंध्यशक्ती याचा ताम्रपट 1939 मध्ये वाशीम येथे सापडला. त्यात वंशावळीचा भाग संस्कृतात, तर दानाचा तपशील मुख्यतः प्राकृतात आहे. प्रतिष्ठेची भाषा आणि व्यवहाराची भाषा एकाच लेखात सुखाने नांदत होत्या. आजच्या मुलाच्या वहीत प्रमाण मराठी आणि वऱ्हाडी यांना असा शेजार मिळावा, एवढीच अपेक्षा आहे.

शब्द मनात कसा रुजतो?

अमेरिकेतील सुसान कॅरी आणि एल्सा बार्टलेट यांचा 1978 मध्ये प्रसिद्ध झालेला एक प्रयोग या संदर्भात आजही सांगितला जातो. तीन-चार वर्षांच्या मुलांपुढे दोन ट्रे ठेवले होते. एक निळा आणि दुसरा हिरवट तपकिरी. ‘निळा नको, क्रोमियम रंगाचा ट्रे आण,’ असे त्यांना सहज सांगण्यात आले. ‘क्रोमियम’ हा शब्द मुलांनी ऐकलेला नव्हता. तरीही त्यांनी योग्य ट्रे आणला. काही दिवसांनी पाहिले, तेव्हा हा कोणत्या तरी रंगाचा शब्द आहे, एवढी खूणगाठ अनेकांच्या मनात राहिली होती. मात्र नेमका रंग पक्का होण्यासाठी तो शब्द पुनःपुन्हा भेटणे आवश्यक होते.

यातून दोन गोष्टी हाती लागतात. नवा शब्द कामाच्या ओघात आला, तर मूल त्याचा अर्थ स्वतःच शोधते. आणि एका भेटीत शब्द पूर्ण कळत नाही. म्हणूनच दहा शब्द व त्यांचे अर्थ पाठ करून घेण्यापेक्षा एकच शब्द आठवडाभरात निरनिराळ्या प्रसंगी वापरणे अधिक उपयोगी ठरते.

केवळ शब्द कानांवर पडणेही पुरेसे नसते. 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या बोस्टन परिसरातील एका अभ्यासात चार ते सहा वर्षांच्या मुलांच्या घरातील बोलणे ध्वनिमुद्रित करण्यात आले. मुलाने ऐकलेल्या शब्दांच्या संख्येपेक्षा मोठ्यांशी झालेल्या संवादाच्या देवाणघेवाणीचा त्याच्या भाषिक क्षमतेशी अधिक जवळचा संबंध आढळला. दूरचित्रवाणी संच दिवसभर बोलत असतो. परंतु तो मुलाच्या प्रश्नाला उत्तर देत नाही.

वावरातील पाठशाळा

वाशीम जिल्ह्यात सोयाबीन, तूर, हरभरा आणि कपाशी ही प्रमुख पिके. शेताला येथे ‘वावर’ म्हणतात आणि एका वावरात शब्दांचे अख्खे कोठार असते. तिफणीने पेरणी होते. मग डवरणी आणि निंदण. दिवसेंदिवस न थांबणारा पाऊस म्हणजे ‘झड’. दोन शेतांमधला बांध म्हणजे ‘धुरा’ आणि शेताकडे जाणारी वाट म्हणजे ‘पांदण’. पीक तयार झाले, की सोंगणी, मग गंजी, मग मळणी. दाणे निघाल्यावर उरते ते ‘कुटार’. कपाशीच्या झाडाला ‘पऱ्हाटी’ म्हणतात आणि कापूस वेचणीचा हंगाम संपला, की ‘उलंगवाडी’ होते.

यातील प्रत्येक शब्द एक नेमकी गोष्ट सांगतो. यंत्राने पेरणी आणि मळणी होऊ लागल्यापासून अनेक अवजारे मुलांच्या नजरेआड गेली. नोकरीसाठी वाशीम, अकोला किंवा पुणे गाठलेल्या कुटुंबांतील मुलांना तर हे शब्द फक्त आजी-आजोबांकडेच मिळू शकतात. सुटीत गावी गेलेल्या मुलाने आजोबांसोबत धुऱ्यावरून चालत वीस शब्द गोळा केले, तरी सुटी सार्थकी लागली म्हणावी.

उच्चाराचेही असेच आहे. वऱ्हाडीत ‘ळ’चा ‘य’ होतो. ‘डोळा’चा ‘डोया’ होतो. हे हसण्याचे कारण नव्हे, तर भाषेचा एक नियम मुलांना दाखवण्याची संधी आहे. ‘आपण घरी डोया म्हणतो, पुस्तकात डोळा लिहितात, आता असेच आणखी शब्द शोध,’ असे सांगितले, की मूल ओशाळण्याऐवजी शोधू लागते.

तांड्यावरील मुलांचा प्रश्न

मानोरा तालुक्यातील पोहरादेवी हे बंजारा समाजाचे श्रद्धास्थान. जिल्ह्यातील तांड्यांवर वाढणाऱ्या अनेक मुलांची घरची भाषा गोरमाटी आहे. त्यांच्यासाठी आई म्हणजे ‘याडी’ आणि भाकरी म्हणजे ‘बाटी’. या मुलांना प्रमाण मराठी ही जवळजवळ दुसरी भाषाच असते. वर्गात ते मूल गप्प बसले, म्हणजे त्याला शब्द येत नाहीत असे नाही. त्याचे शब्द वर्गात चालत नाहीत, एवढाच त्याचा अर्थ असू शकतो. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 नुसार शक्य असेल तेथे किमान पाचवीपर्यंत घरची भाषा, मातृभाषा किंवा स्थानिक भाषा शिक्षणाचे माध्यम असावे. फळ्यावर ‘आई’ शेजारी ‘याडी’ लिहिण्यास मात्र कोणत्याही धोरणाची वाट पाहावी लागत नाही.

परंपरेतील शब्दखेळ

भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत विदर्भात भुलाबाईची गाणी म्हटली जातात. गाण्यांनंतर झाकलेली खिरापत ओळखण्याचा खेळ होतो. गोड की तिखट, कोरडे की ओले, तळलेले की भाजलेले, असे प्रश्न विचारत मुली उत्तरापर्यंत पोहोचतात. वर्णन करणारे शब्द शिकवण्याचा याहून चांगला पाठ सापडणे कठीण. पोळ्याच्या झडत्या, लग्नातील उखाणे आणि आजीची कोडी यांतही हाच गुण आहे. हे खेळ सणापुरते न ठेवता जेवणाच्या ताटावर रोज खेळता येतात.

घरी काय करता येईल?

• शब्दांची कुटुंबे जमवावीत : ‘पाणी’पासून पाणवठा, पाणथळ, पाणलोट, पाणपोई, पाणबुडी. एक शब्द कळला, की पुढच्याचा अंदाज मुलाला स्वतःच बांधता येतो.

• भावनांना नेमकी नावे द्यावीत : प्रत्येक वेळी ‘बोअर झालं’ म्हणणाऱ्या मुलाला खट्टू होणे, हिरमुसणे, भांबावणे, ओशाळणे यांतील फरक प्रसंगातून दाखवावा.

• शब्द निवडून घ्यावेत : इझाबेल बेक आणि मार्गारेट मॅककिऑन या वाचनतज्ज्ञांच्या मते, रोजच्या बोलण्यातले शब्द मुलांना आपोआप येतात आणि विशिष्ट विषयांचे शब्द त्या-त्या वेळी शिकता येतात. त्यामुळे अनेक ठिकाणी उपयोगी पडणाऱ्या मधल्या शब्दांवर भर द्यावा. उदाहरणार्थ, संकोच, चिवट, सावध, अंदाज, कवडसा.

• मोठ्याने वाचून दाखवावे : बालभारतीचे ‘किशोर’ मासिक 1971 पासून निघते, त्याचे जुने अंकही इंटरनेटवर उपलब्ध आहेत. वाचताना एखाद्याच शब्दावर थांबावे. प्रत्येक ओळीला थांबल्यास गोष्टीची गोडी जाते.

• परीक्षा घेऊ नये : पाहुण्यांसमोर शब्दार्थ विचारल्याने मूल शब्दांपासून दूर जाते. मोठ्यांनी तो शब्द स्वतः वापरावा.

• दोन रकान्यांची वही करावी : एका बाजूला घरचा शब्द आणि दुसऱ्या बाजूला पुस्तकातला.

कोशातही वऱ्हाडीला जागा

अशा वहीसाठी मोठा आधारही उपलब्ध आहे. य. रा. दाते आणि चिं. ग. कर्वे यांच्या संपादनाखाली 1932 ते 1938 या काळात ‘महाराष्ट्र शब्दकोश’ सात विभागांत प्रसिद्ध झाला. त्यात प्रादेशिक शब्दांपुढे त्या-त्या भागाची खूण दिलेली असून, वऱ्हाडी शब्द ‘व.’ या अक्षराने ओळखता येतात. हा कोश इंटरनेटवर शोधता येतो. आजीच्या तोंडचा शब्द कोशात छापलेला पाहिला, की मुलाला त्याची किंमत वेगळी सांगावी लागत नाही.

मराठीच्या थोर कोशकारांनी वऱ्हाडीला अशुद्ध मानून बाहेर ठेवले नाही. घरातील आणि वर्गातील मोठ्यांनीही तेच केले, तर सांबार मागणारे मूल कोथिंबीरही न अडखळता लिहील.