माहेरी नेलेली बाटली

नांदेड-लातूरकडे पहिले बाळंतपण माहेरी होते. सातव्या-आठव्या महिन्यात लेक सासरहून येते. तिला एचआयव्हीची लागण असेल, तर पिशवीत रोजच्या गोळ्यांची बाटलीही असते. ‘दोन जिवांच्या बाईने गोळ्या खाऊ नयेत’ असे वडीलधाऱ्यांनी म्हटले, की ती बाटली डब्यांमागे जाते.

या भीतीलाही इतिहास आहे. गरोदरपणी घेतलेल्या थॅलिडोमाइडमुळे जगभर सुमारे दहा हजार बालके व्यंग घेऊन जन्मली. १९६१च्या अखेरीस ते औषध मागे घेतले जाऊ लागले. मग एचआयव्हीच्या गोळ्या गरोदर स्त्रीला का देतात?

उपचार नसल्यास आईकडून बाळाला लागण होण्याचे प्रमाण शेकडा १५ ते ४५ असते. ती गर्भात, प्रसूतीच्या वेळी किंवा अंगावरच्या दुधातून होते. १९९४ साली अमेरिका व फ्रान्समधील चाचणीत झिडोवुडीनमुळे हे प्रमाण शेकडा २५.५ वरून ८.३ वर आले. १९९९ साली युगांडात आईला व बाळाला नेविरापीनची एकेकच मात्रा देऊन लागण जवळजवळ निम्मी झाली. पुढे पुण्याचे बी. जे. वैद्यकीय महाविद्यालय ज्या तीन देशांच्या चाचण्यांत सहभागी होते, त्यांचे निष्कर्ष २००८ साली आले. बाळाला सहा आठवडे नेविरापीन दिल्यास त्या काळातील लागण आणखी निम्म्यावर येत होती.

परंतु एकट्या औषधाला विषाणू लवकर दाद देईनासा होतो. म्हणून १ जानेवारी २०१४ पासून भारतात लागण झालेल्या प्रत्येक गरोदर स्त्रीला तीन औषधे, तीही आजन्म, देण्याचे धोरण आले. आईच्या रक्तातील विषाणू घटले, की बाळाचा धोका शेकडा पाचाच्याही खाली नेता येतो.

आणि गर्भाचे काय? २०१८ साली बोट्स्वानात गर्भधारणेच्या वेळी डोल्युटेग्राविर घेणाऱ्या स्त्रियांच्या ४२६ बाळांपैकी चौघांत मेंदू-मज्जारज्जूचे व्यंग आढळले. जगभर सावधगिरीचे इशारे निघाले. पण मोजणी थांबली नाही. २०२२ पर्यंत नऊ हजारांहून अधिक जन्म नोंदले गेले, तेव्हा प्रमाण हजारी एकच्या आसपास, म्हणजे इतर एचआयव्ही-औषधांइतकेच निघाले. आज भारतातही गरोदर स्त्रियांच्या उपचारात हे औषध आहे.

तेव्हा थॅलिडोमाइडचा धडा ‘औषध नको’ असा नसून ‘मोजल्याशिवाय नको’ असा आहे. या गोळ्यांची मोजणी झाली आहे. त्या मनाने बंद करणे हाच मोठा धोका. माहेरी निघण्यापूर्वी एआरटी केंद्राला सांगितले, तर पुढच्या गोळ्यांची व बाळाच्या औषधाची सोय लावता येते. नांदेड व लातूर या दोन्ही ठिकाणी शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत अशी केंद्रे आहेत.

२००९ साली लातूर जिल्ह्यातील हासेगावात एचआयव्हीसह जगणाऱ्या मुलांना शाळेत घेण्यास विरोध झाला होता. बाटली डब्यांमागे लपते ती याच भीतीने. ती घालवणे डॉक्टरच्या हाती थोडे आणि शिक्षकाच्या हाती अधिक आहे.